बालवर्गातील लाल भोपळा
शरद ऋतूत लाल भोपळ्याचा देठ वाळतो, साल कठीण होते आणि फळ काढणीस येते. आमच्या वसतिगृहात ते स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी बालवर्गात आणले जाते.

प्रथम मुले अंदाज बांधतात : वजन किती, पाण्यात बुडेल की तरंगेल, आत बिया किती? मग तराजूवर, पाण्याच्या टाकीत आणि शिक्षकांनी फळ चिरल्यावर प्रत्येक अंदाज पडताळला जातो. एवढे जड फळ तरंगते, कारण ते आतून पोकळ असते. वर्गातील सर्वांत मोठा आवाज येथे हरू शकतो आणि घराच्या आठवणीने अबोल झालेल्या मुलाचे उत्तर बरोबर ठरू शकते.

बियांचे 10-10 चे ढीग लावताना दशक हाताला कळते. धुऊन वाळवलेल्या काही बिया पुठ्ठ्यावर चिकटवून मुले मोर आणि मासे साकारतात. काही राखेत घोळून पुढील पावसाळ्यासाठी ठेवतात. गराचे घारगे होतात, साली खतखड्ड्यात जातात.

वेल फुलली की मादी फुलाच्या तळाशी इवला भोपळा दिसतो. मधमाशीने नर फुलाचा पराग आणला, तरच तो वाढतो. एका मादी कळीला कापडी पिशवी बांधून ठेवली, तर तो गळून पडतो, हेही मुले पाहतात. सांगितलेले मानण्यापूर्वी पडताळून पाहण्याची सवय त्यांना लागावी, एवढाच आमचा हेतू आहे.