अनुस्वार आणि स्कॅनर : जुन्या नियतकालिकांच्या संगणकीय प्रतींचा एक प्रश्न

औंध संस्थानच्या भूमीवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली व १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. आज औंध सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. या परिसरातील जुन्या अंकांच्या संगणकीय प्रती करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : लिनक्सवर चालणारा जुना सपाट काचेचा स्कॅनर ठेवावा की बदलावा? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार यंत्राच्या वयावरून नव्हे, तर छापील पृष्ठाच्या गरजेवरून केला आहे.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपूर्वीच्या मुद्रणात अनुच्चारित अनुस्वार विपुल आढळतात. ‘ती’ हे स्त्रीलिंगी एकवचन, ‘तीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन. भेद केवळ एका टिंबाचा. हे टिंब अर्धा मिलिमीटर रुंद मानले, तर इंचाला १५० बिंदू घेणाऱ्या प्रतीत त्याच्या रुंदीला तीनच बिंदू येतात; ३०० ला सहा, ६०० ला बारा. तीन बिंदूंत अनुस्वार कोणता व कागदावरील डाग कोणता, हे ठरविणे कठीण होते. म्हणून ३०० ही किमान मर्यादा मानावी व बारीक टंकासाठी ६०० घ्यावेत. ए-४ आकाराचे करड्या छटांतील पृष्ठ ३०० ला सुमारे ९, तर ६०० ला सुमारे ३५ मेगाबाइट जागा व्यापते. एवढी क्षमता अनेक जुन्या स्कॅनरमध्येही असते.

दुसरा मुद्दा संवेदकाचा. जुन्या जाड स्कॅनरमध्ये बहुधा आरसे, भिंग व सीसीडी संवेदक असतो. बांधणीजवळ काचेपासून किंचित उचललेला मजकूरही त्यात बऱ्यापैकी स्पष्ट येतो. स्वस्त, पातळ यंत्रांतील सीआयएस संवेदकाला पृष्ठ काचेला चिकटलेले लागते. बांधीव फायलींसाठी असा नवा स्कॅनर घेणे म्हणजे पुढे जाण्याऐवजी मागे जाणे ठरू शकते.

तिसरा मुद्दा आज्ञावलीचा. उत्पादकाने जुन्या यंत्राकडे पाठ फिरविली, तरी लिनक्सवरील ‘सेन’ या मुक्त प्रणालीत त्याचा चालक पुष्कळदा टिकून असतो. नवे यंत्र घेण्यापूर्वी मात्र त्याचे नेमके प्रतिमान ‘सेन’च्या यादीत पाहावे, एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतील घटक निराळे असू शकतात.

मग बदल केव्हा करावा? दिव्याचा प्रकाश असमान पडून प्रतीवर पट्टे उमटू लागले, काचेच्या आतील धुके निघेना, अथवा जुनी जोडणी नव्या संगणकाला लागेना, तर करावा. मात्र काचेवर दाबताना ग्रंथाची शिवण उसवत असेल, तर जुना व नवा दोन्ही सपाट स्कॅनर सारखेच अयोग्य; तेथे वरून छायाचित्र घेणेच श्रेयस्कर.

हा निर्णय वरकरणी खर्चाचा वाटतो. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, हे विसरता येत नाही. पुराच्या पट्ट्यातील मूळ कागद दुसऱ्यांदा हाती लागेलच, याची शाश्वती नसते. एका अंकाचे ‘ती’ व ‘तीं’ निःसंदेह वाचता येतात का, हे पडताळूनच यंत्राविषयी मत बनवावे.