वळवणचा अल्बम

जुन्या उद्योगांच्या फोटो-अल्बमवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. शोधता शोधता पत्ता मिळाला तो दिल्लीतल्या मुनिरक्याचा. तिथल्या डीडीए फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका मराठी काकूंनी आयुष्यभर जुनी कागदपत्रं दुरुस्त करण्याचं काम केलं. आता जेवणाच्या टेबलावर त्या घरचाच अल्बम दुरुस्त करताहेत. त्यांचे आजेसासरे टाटांच्या जलविद्युत कामावर ओव्हरसियर होते.

त्या कामाचा इतिहास सर्वश्रुत आहे. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. त्यांना घाटातल्या पावसाची वीज द्यायची म्हणून १९१० साली कंपनी निघाली. लोणावळा, वळवण आणि शिरवट्याला धरणं बांधली, पाणी पाइपांतून खोपोलीला उतरवलं आणि १९१५ साली वीज मुंबईला पोचली.

अल्बममध्ये मात्र निराळंच काही दिसतं. जाड काळी पानं, त्यांवर पांढऱ्या शाईतल्या ओळी. पाइपाच्या फोटोखाली व्यास, भिंतीच्या फोटोखाली उंची आणि तारीख. डोक्यावर घमेली घेतलेल्या बायांच्या फोटोखाली नुसतं ‘कुली’. एका फोटोत साऱ्या जणी दगडासारख्या स्थिर उभ्या आहेत. कडेची एकच हलली, तिचा चेहरा पुसट आलाय. माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जात होती.

“फोटो सुटे काढून देऊ का, असं सगळे विचारतात,” काकू म्हणाल्या. “सुटा केला की तो कुठला, कधीचा, कशानंतरचा, सगळं गेलं.” म्हणून त्या पान मोडत नाहीत. फाटलेल्या कडेला मागून पातळ जपानी कागद लावतात, तोही गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. ही खळ पुढे कधी ओलाव्याने सोडवता येते. बाजारातली चिकटपट्टी फोटोच घेऊन निघते. दोन पानांमध्ये आम्लविरहित कागद घालतात, कारण जुना काळा कागद आम्ल सोडतो. फोटोतल्या गडद भागांवर निळसर चंदेरी झाक आली आहे. ती वर आलेली चांदी आहे, पुसायची नाही.

दिल्लीचा पावसाळा फोटोंवरच्या जिलेटिनचा वैरी. दमट हवेत ते मऊ पडतं आणि समोरच्या पानाला चिकटतं. त्याहून अवघड आहेत वारसदार. पुतण्यांना वाटणी हवी आहे, पानागणिक. जुन्या वस्तूंचे व्यापारी असे अल्बम उसवतात, इंजिनाचा फोटो एकाला आणि साहेबाचा दुसऱ्याला विकतात. घमेलंवाल्या बायांना गिऱ्हाईक नसतं. पुण्यात टाटांचं अभिलेखागार आहे, तिथे अल्बम अख्खा जावा अशी काकूंची इच्छा आहे. पण सगळ्यांच्या सह्या होत नाहीत.

तोवर त्यांनी पानापानाची यादी मांडली आहे. मूळ ओळ जशीच्या तशी, आणि खाली जे दिसतं ते: ‘बाया सात, नऊवारी, एकीच्या कडेवर मूल.’ या यादीच्या आणि फोटोंच्या प्रती वळवण, खोपोलीच्या शाळांत आणि चावड्यांवर लावायला हव्यात, आणि त्याही लवकर. घरातल्या जुन्या माणसांनी आजीचं तोंड ओळखलं, तर ‘कुली’ खोडून तिथे नाव लिहिता येईल.