घरचा जुना कॉम्प्युटर आणि आजीचा आवाज

कॉम्प्युटर भंगारात काढायच्या आधी थांबा! फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या मदतीनं तोच कॉम्प्युटर तुमची गाणी वाजवेल, लग्नाची व्हीसीडी दाखवेल आणि घरचा फोटोसंग्रहही सांभाळेल.

रायपूरमधल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात कपाटाचा सगळ्यात वरचा खण उघडून बघा. एका पिशवीत ऑडिओ कॅसेट्स असतात. काहींवर गाण्यांची नावं, तर काहींवर नुसतंच ‘मुंज’ किंवा ‘आजी, दिवाळी’ असं बॉलपेननं लिहिलेलं. शेजारी लग्नाच्या दोन-तीन व्हीसीडी, एक बंद पडलेला डिजिटल कॅमेरा आणि अल्बमची चळत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणूस छत्तीसगढात स्थिरावत आला. इथं ‘पारा’ म्हणजे वस्ती. शहरातल्या तात्यापारा या नावातच मराठी खूण आहे! तीन-तीन, चार-चार पिढ्या इथं नांदल्या. पण त्यांच्या आठवणी आता कशावर आहेत? विरत चाललेल्या फितीवर आणि खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरमध्ये.

त्या कॉम्प्युटरवर आता संक्रांत आली आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेसाठी आणखी वर्षभराची मुदत मिळण्याची सोय केली, एवढंच. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याच्या अटी कडक. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण प्रवेश बंद! मग दुकानदार सांगतो, ‘नवा घ्या.’ जुना भंगारात जातो आणि त्याच्या हार्ड डिस्कबरोबर दहा-पंधरा वर्षांचे फोटोही जातात.

यावर एक सरळ, बिनपैशाचा उपाय आहे. त्याचं नाव लिनक्स.

हे लिनक्स आहे तरी काय?

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ १९८३ मध्येच सुरू केली होती. या दोन प्रवाहांचा संगम झाला आणि कुणीही वापरावी, वाटावी, सुधारावी अशी प्रणाली उभी राहिली. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनदेखील लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, बरं का!

लिनक्सचे अवतार अनेक आहेत. उबंटू, फेडोरा, डेबियन... आपल्या सी-डॅकनं २००७ साली आणलेलं ‘बॉस’ही त्यातलंच. घरगुती वापराला, विशेषतः विंडोजची सवय असलेल्यांना, लिनक्स मिंट सोयीचं पडतं. त्याला किमान दोन जीबी रॅम लागते. चार जीबी असेल तर काम सुखानं होतं.

आपल्या बोलीतला कॉम्प्युटर

लिनक्सचं छत्तीसगढशी आणखी एक नातं आहे. २०११ च्या जनगणनेत एक कोटी बासष्ट लाखांहून अधिक लोकांनी छत्तीसगढी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. राज्य विधानसभेनं २८ नोव्हेंबर २००७ रोजी तिला राजभाषेचा मान दिला. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. मग अशा भाषेत कॉम्प्युटर बोलता करायचा कुणी?

ते काम हाती घेतलं रविशंकर श्रीवास्तव यांनी. हिंदी वाचक त्यांना ‘रवि रतलामी’ या नावानं ओळखतात. मूळचे राजनांदगावचे, पेशानं अभियंता. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपचं त्यांनी छत्तीसगढी रूपांतर केलं. २००९ साली या कामाला मंथन पुरस्कार मिळाला. लिनक्सचा कच्चा माल सगळ्यांसाठी खुला असतो, म्हणूनच हे होऊ शकलं. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या मनात आलं तरच तुमची भाषा येते. इथं एक जिद्दी माणूसही पुरतो. मराठीचंही असंच. लिनक्सच्या डेस्कटॉपचे मराठी अनुवाद उभे करण्यात स्वयंसेवकांचाही हात आहे. ज्या आजोबांना इंग्रजी मेनूची धास्ती वाटते, त्यांना मराठी पडदा दिला की निम्मी भीती तिथंच पळते.

आधी चाखून बघा!

लिनक्सची खरी गंमत अशी, की ते कॉम्प्युटरमध्ये न घालताही चालवून बघता येतं. मिंटची फाईल इंटरनेटवरून उतरवायची आणि आठ जीबीच्या पेनड्राईव्हवर चढवायची. मग त्या पेनड्राईव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. हार्ड डिस्कवरच्या विंडोजला धक्काही लागत नाही. आवाज येतो का, वाय-फाय लागतं का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सगळं आधी तपासून घ्या.

दुसरा फायदा तर सोन्याहून पिवळा. विंडोज सुरूच होत नसेल, पण हार्ड डिस्क शाबूत असेल, तर पेनड्राईव्हवरच्या लिनक्समधून ती उघडते. फोटोंचे फोल्डर उचलायचे आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे. मात्र विंडोजनं बिटलॉकरचं कुलूप घातलेलं असेल, तर त्याची किल्ली हाताशी हवी. आणि एक नियम पाटीवर कोरून ठेवा: फोटोंची नक्कल दुसरीकडे पोचली, उघडून पाहिली, मगच जुन्या डिस्कवर लिनक्स टाकायचं. आधी नाही!

गाणी का वाजत नव्हती?

‘लिनक्सवर गाणी वाजत नाहीत’ ही तक्रार जुनी आहे आणि एके काळी ती खरीही होती. कारण तांत्रिक नव्हतं, कायद्याचं होतं. एमपी३ या प्रकारावर पेटंट होती आणि परवान्याचे पैसे द्यावे लागत. फुकट वाटली जाणारी प्रणाली ते कुठून देणार? म्हणून अनेक लिनक्समध्ये एमपी३ वाजवणारा भागच नसायचा, तो वेगळा आणून बसवावा लागे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं २३ एप्रिल २०१७ रोजी एमपी३ची परवाना योजना बंद केली आणि तो प्रश्न मिटला. चित्रपटांच्या काही प्रकारांना आजही ‘कोडेक’ नावाचे जोडभाग लागतात. मिंट बसवताना ‘मल्टिमीडिया कोडेक’ची चौकट येते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. बस्स, काम झालं.

गाण्यांसाठी मिंटमध्ये ऱ्हिदमबॉक्स असतंच. व्हिडिओसाठी व्हीएलसी घ्या. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ पासून सर्वांसाठी खुला झाला. ‘मोर छंइहा भुंइया’ या २००० सालच्या गाजलेल्या छत्तीसगढी चित्रपटाची जुनी व्हीसीडी असो की दादाच्या लग्नाची, व्हीएलसी बहुधा नाही म्हणत नाही.

व्हीसीडीची मात्र एक खोड आहे. तिच्यातली व्हिडिओ फाईल नेहमीप्रमाणे कॉपी-पेस्ट करायला गेलं, की लिनक्स बऱ्याचदा अडखळतं. तबकडी खराब आहे असं समजून ती टाकून देऊ नका. व्हीसीडीवर व्हिडिओ वेगळ्या पद्धतीनं लिहिलेला असतो. ‘व्हीसीडीइमेजर’ या फुकट पॅकेजमधल्या साधनानं तो नीट उतरवता येतो.

कॅसेटमधला आवाज

आता कॅसेट. फिलिप्सनं १९६३ साली ती जगासमोर आणली. आपल्याकडे घराघरांत टेपरेकॉर्डर आले आणि लोकांनी भजनं, बाळाचे बोबडे बोल, आजीच्या ओव्या असं सगळं भरून ठेवलं. बाजारातल्या कॅसेटचं गाणं आज कुठंही मिळेल. आजीचा आवाज दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळणार? रायपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा, दोन्ही फितीचे वैरी. एखाद्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालूच नका. आधी जाणकाराला दाखवा.

चांगल्या फितीसाठी टेपरेकॉर्डरची तार कॉम्प्युटरच्या ‘लाईन-इन’मध्ये लावा. लॅपटॉपला बहुधा मायक्रोफोनचीच खाच असते; तिथं आवाज फाटतो. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारं साऊंड कार्ड घ्या. घेताना त्याला लाईन-इन आहे ना, हे दुकानदाराला विचारा. मग ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर उघडून रेकॉर्डिंग सुरू करा. आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकू देऊ नका. कॅसेट तासाची असेल तर कामही तासाचंच. इथं घाई चालत नाही.

सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण दहा एमबी जागा घेतं, म्हणजे तासाला सहाशेच्या वर. मूळ प्रत ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवा. जागा बरीच वाचते आणि आवाजाचा कणही गमावत नाही. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून एमपी३ काढा, ती पन्नास-साठ एमबीत बसते.

फोटो उतरवताना

फोन यूएसबी तारेनं जोडला, पण फोटो दिसतच नाहीत? बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो. अँड्रॉइड फोन आधी फक्त चार्ज होत राहतो. फोनचं कुलूप उघडा, वरची सूचना खाली ओढा आणि ‘फाईल ट्रान्सफर’ निवडा. आयफोनवर ‘ट्रस्ट’चा प्रश्न येतो, त्याला होकार द्या. कॅमेऱ्यातले फोटो ‘डीसीआयएम’ या फोल्डरमध्ये सापडतील.

संग्रह लावायला शॉटवेल सोपं आहे, तर मोठ्या संग्रहाला डिजिकॅम. शॉटवेल फोटो आत घेताना वर्ष, महिना, दिवस असे फोल्डर आपोआप करतं, कारण प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख लिहून ठेवतो. फोटो आत आले, की ‘कॅमेऱ्यातले पुसू का?’ असं ते विचारतं. तिथं ‘ठेवा’ म्हणा. पुसायचं काम नंतरही करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं दुखणं वेगळं. पाठवताना फोटोचा दर्जा कमी होतो आणि तारखेसारखी पोटातली माहितीही गळून पडते. म्हणून नागपूरच्या मावशीला किंवा पुण्याच्या भाच्याला सांगा, की लग्नाचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. मूळ फाईल जशीच्या तशी येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावं लिहा! फोटोत डावीकडे उभ्या असलेल्या काकू कोण, हे आज फक्त आईला माहीत आहे. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये फोटोला मथळा आणि खुणा देता येतात. मराठीतही, बरं का! सेटिंगमध्ये ही माहिती फोटोच्या फाईलमध्येच लिहून ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी नावं फोटोबरोबर राहतील.

कुणी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये?

सगळं गोड गोड सांगणं बरं नाही. घरातलं कुणी टॅलीसारख्या विंडोजच्या सॉफ्टवेअरवर रोजचे हिशेब करत असेल, तर त्या कॉम्प्युटरला हात लावू नका. काही प्रिंटर रुसतात. पैसे भरून पाहायच्या काही चित्रपटसेवा लिनक्सवर पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत. आणि शेवटचा श्वास घेत असलेली हार्ड डिस्क लिनक्सनं बरी होत नाही. ती बदलावीच लागते.

लिनक्स आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा लेकीकडे. घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली, तरी गावाबाहेरची प्रत वाचते.

येत्या सुटीत मुलांना हे काम द्या. पेनड्राईव्ह तयार करणं, तारा जोडणं त्यांना सहज जमेल. आजोबांनी शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि फोटोतली माणसं ओळखायची. कॉम्प्युटर कधी ना कधी बंद पडणारच. तोवर नावं लिहून झालेली असू द्या.