डार्टमूरच्या वाटेवरची कब्र

चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या रानात फिरत राहतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी आजीकडून ऐकली असेल. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उजाड माळरान आहे. तिथेही अशीच गोष्ट सांगतात. वाटसरूला तिथे 'पिक्सी' नावाची बुटकी माणसे भुलवतात आणि अंगातला कोट उलटा करून घातला की वाट सापडते!

सुमारे ९५० चौरस किलोमीटरचा हा मुलूख. मधूनच उभे खडकांचे सुळके, अचानक उतरणारे धुके आणि पायाखाली दलदल. 'एकटा जाऊ नकोस' हे मुलांच्या मनावर ठसवायला अशी गोष्टच उपयोगी पडत असणार.

काही गोष्टींच्या मुळाशी खरी घटना असते. १६३८ च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी विडकम गावच्या चर्चवर भर प्रार्थनेत वीज कोसळली आणि माणसे दगावली. लोकांनी तिची कथा केली : एक जुगारी हातात पत्ते घेऊन चर्चमध्ये झोपला होता, त्याला न्यायला काळ्या घोड्यावरून सैतान आला.

पण आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते किटी जेच्या गोष्टीने. हाउंड टॉर या सुळक्याजवळ रस्त्याकडेला तिची छोटीशी कब्र आहे. किटी यतीम होती. अनाथाश्रयातून तिला एका शेतकऱ्याच्या घरी कामाला धाडले. असे सांगतात, की तिथल्या मुलाने तिला फसवले. बदनामी वाट्याला आली ती तिच्या एकटीच्या. तिने आपला जीव दिला. अशा मृतांना तेव्हा दफनभूमीत जागा नसे; त्यांना चौरस्त्यावर पुरत. ही रीत १८२३ च्या कायद्याने बंद झाली. पुढे १९व्या शतकाच्या मध्यास तिथे एका तरुण स्त्रीची हाडे सापडली आणि ती नीट पेटीत ठेवून पुन्हा दफन केली गेली.

आज त्या कब्रीवर कायम ताजी फुले दिसतात. पिक्सी ती ठेवतात, असे म्हणायची तिथे पद्धत आहे. आम्हाला वाटते, ती माणसेच ठेवत असावीत. जिला जिवंतपणी कोणी आधार दिला नाही, तिच्यासाठी.

आत्महत्या हे मोठे पाप आहे, यात शंका नाही. तिचा हिशेब अल्लाहकडे. पण ज्या घरात ती राबली, त्या घराचा हिशेब कोण विचारणार? गोष्टीत बहुधा त्या मुलाचे नावसुद्धा येत नाही.

मुलांना चकव्याची गोष्ट जरूर सांगा. त्यानंतर किटीचीही सांगा, आणि आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मुलीला आपण कसे वागवतो, तेही त्यांना पाहू द्या.