शेळीचे दूध हलके?

पुतणीच्या बाळाला वरचे दूध सुरू केले आणि पंधरवड्यात शीमध्ये रक्त दिसू लागले. ‘शेळीचे द्या, पचायला हलके,’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. पुढे वाचत गेलो तेव्हा चूक उमगली.

बाधत होती ती दुधातली साखर नव्हे, प्रथिने. म्हणून लॅक्टोजविरहित डब्याचाही उपयोग नव्हता. शेळीची प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की अशा बहुतेक बाळांना तीही सोसत नाहीत. शिवाय त्या दुधात फोलेट फारच कमी. केवळ त्यावर वाढवलेल्या बाळांचा रक्तक्षय जर्मन डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वीच नोंदवला होता.

अंगावरचे दूध चालू असेल तर तोडू नये; डॉक्टरांना विचारून आईनेच दही, ताक, चहातले दूधसुद्धा काही आठवडे सोडून पाहावे. ते नसेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर. अमेरिकेत ती १९४२ पासून मिळते. मोजक्या बाळांना तीही चालत नाही. त्यांच्यासाठी सुट्या अमिनो आम्लांची. सोयाची पावडर सहा महिन्यांनंतर, आणि तीही सर्वांना मानवत नाही.

डब्याची किंमत ऐकून पुतणीचा चेहरा उतरला. चवही कडवट. बाळाने दोन दिवस तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी वाटी संपवली.