कांगारूची सेकंड इनिंग

फ्रीलान्सर असल्याने माझा ‘चेक’शी संबंध फक्त रखडलेल्या मानधनापुरता! पण प्रागच्या बोहेमियन्स क्लबची गोष्ट वाचली आणि पार प्रेमातच पडले. 1927च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांना दोन जिवंत कांगारू भेट मिळाले. तेव्हापासून लोगोवर कांगारू. 1976च्या युरो फायनलमध्ये अलगद पेनल्टी मारणारा पानेंका इथलाच. 2005मध्ये मात्र क्लबचं दिवाळं वाजलं. फॅन्सनी चक्क वर्गणी काढली आणि तिसऱ्या लीगपासून पुन्हा श्रीगणेशा केला. मग आला 2006-07चा सेकंड लीग सीझन. 16 टीम्स, 30 मॅचेस, दुसरा नंबर आणि थेट फर्स्ट लीग! माझी टीम हरायला लागली की मी आधी चॅनेल बदलते. यापुढे नाही बदलणार!