विद्यार्थ्यांची मोजणी आणि गावाचे पाणी

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींतून खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. २०१४ व २०१५ या दोन्ही वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता आणि लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा नदीवरील धनेगावचे धरण कोरडे पडले होते. या गाड्या मुरुड स्थानकावरूनच लातूरकडे जात. त्या दिवसांची आठवण परिसरातील प्रत्येक घरात आजही आहे. तथापि आठवण आणि नोंद या दोन भिन्न गोष्टी होत.

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड हे मोठे बाजारगाव. बाजारपेठ, शिक्षणसंस्था व वाढती वस्ती यांमुळे पाणी, सांडपाणी आणि कचरा हे शहरांचे प्रश्न येथेही उभे राहिले आहेत. अशा गावात पदवीच्या विद्यार्थ्यांचे संशोधन कोणते कार्य करू शकेल, याचा विचार शिक्षक व पंचायत सदस्यांनी अवश्य करावा.

नोंद कशासाठी?

टंचाई एका दिवसात येत नाही. विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर क्रमाक्रमाने खाली जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. परंतु आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. येथे पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचीही स्थिती सारखी नसते. प्रत्येक गल्लीत शासकीय निरीक्षण विहीर असणे शक्य नाही. ही उणीव स्थानिक विद्यार्थी भरून काढू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीस्तरावर पर्यावरण विषयाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्या नमुना अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी होते. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पास स्थान मिळाले आहे. अडचण तरतुदीची नाही, वापराची आहे. पुस्तकातील मजकूर उतरवून काढलेली वही गुण मिळवून देते आणि कपाटात पडून राहते. गावाच्या हाती काहीच लागत नाही.

कार्यपद्धती

खर्चाची साधने लागत नाहीत. वीस विहिरी निश्चित कराव्यात. दरमहा ठरलेल्या दिवशी, पहाटे मोटार सुरू होण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. उपसा सुरू असताना घेतलेले माप फसवे ठरते. काठावर एक खूण कायम करावी, म्हणजे पुढील वर्षीची तुकडी त्याच जागेवरून मोजेल. सांडपाण्याच्या गटारालगतच्या विहिरींत नायट्रेटही तपासावे. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. कचऱ्याचे वजन ओला व सुका असे वेगळे, सलग सात दिवस घ्यावे. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आलाच पाहिजे. आकडा चुकला तर तो खोडून सुधारलेला दिसावा; सोयीचा आकडा लिहू नये.

एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पाच वर्षांच्या नोंदी मात्र ऑक्टोबरमधील कोणत्या पातळीनंतर मार्चमध्ये विहीर आटते, हे सांगू लागतील. मग टँकरची मागणी, विहिरींचे अधिग्रहण व उपशाचे नियोजन वेळेवर करता येईल.

पंचायतीची जबाबदारी

पिण्याचे पाणी व स्वच्छता हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी नमूद आहेत. म्हणून महाविद्यालयाने अहवालाची एक प्रत पंचायतीस द्यावी, पंचायतीने तो ग्रामसभेत विद्यार्थ्यांकडूनच वाचून घ्यावा आणि त्यावर काय केले ते पुढील सभेत सांगावे. आपल्या मोजणीचा उपयोग होतो, हे दिसल्यावर विद्यार्थी वही उतरवून काढणार नाहीत.

२०१६ मध्ये लातूरला पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून आणावे लागले. पुढील दुष्काळाची पहिली सूचना मात्र आपल्याच विहिरीच्या काठावर मिळणार आहे. ती वेळीच वाचणारे हात आपल्या महाविद्यालयांत आहेत.